आभाराची खिडकी

मावशीचा आवाज सगळ्या गल्लीला पाठ होता. ती कुजबुजली तरी पलीकडच्या तीन घरांना बातमी कळायची. त्यात तिचा दोष नव्हता. सोळा वर्षं ती मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत होती. तिथे माणसाच्या उंचीचे दोन गरम रूळ दिवसभर घरघरत असत. एका टोकाने ओली चादर आत सारायची आणि दुसऱ्या टोकाने कडक, सरळ होऊन बाहेर आलेली झेलायची. त्या घरघरीत "जरा धर गं" एवढं सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. मग घरी आल्यावर गळा आपोआप खाली थोडाच उतरणार!

घरी होती बिट्टी, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आजारात गेली तेव्हा बिट्टी चार वर्षांची होती. बाप त्याआधीच कुठे निघून गेला होता तो गेलाच. मावशीचं लग्न झालेलं नव्हतं आणि बिट्टीला घेऊन आल्यावर तो विषय तिने कानाआड केला. दोन खोल्यांत दोघी राहायच्या. भांडायच्या, हसायच्या, एका पांघरुणात झोपायच्या. हातावरचं पोट होतं, पण बिट्टीला कधी उपाशी निजवलं नाही आणि कुणापुढे हात पसरला नाही, हा मावशीचा मोठा अभिमान होता.

एकच गोष्ट मनाला डाचायची. शाळेत बिट्टीचं काही चालत नव्हतं.

पहिलीत शेरा आला, "लक्ष नसते." दुसरीत, "वर्गात स्वप्ने पाहते." तिसरीत वर्गशिक्षकांनी मावशीला बोलावून घेतलं आणि खूप गोड आवाजात सांगितलं, "हे बघा, काही मुलांची झेपच तेवढी असते. मनाला लावून घेऊ नका." मावशीने मनाला लावून घेतलं. घरी येऊन बिट्टीला समोर बसवलं आणि शब्द घातले. बिट्टीने सगळे बरोबर लिहिले. दुसऱ्या दिवशी शाळेत तेच शब्द घातले तर निम्मे चुकले.

"घरी येतं आणि शाळेत का येत नाही गं? मुद्दाम करतेस का?"

बिट्टी रडली. मावशीही चुलीकडे तोंड करून थोडं रडली.

बिट्टी चौथीत गेली त्या वर्षी शाळेला सरकारी अनुदान मिळालं. ज्या शाळांत गरिबाघरची मुलं जास्त, त्या जिल्ह्यातल्या बावीस शाळांसाठी ते होतं. अनुदानाचं काय काय करणार हे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, पालकांच्या सभेत वाचून दाखवलं. मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवणारी एक वेगळी शिक्षिका, डोळे-कान तपासणारी फिरती गाडी, ज्यांना लागेल त्यांना चष्मे. मावशीने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. सरकारी कागदावर लिहिलेलं जमिनीवर उतरायला अर्धा जन्म जातो, असा तिचा अनुभव होता.

पण दोन आठवड्यांत नवी शिक्षिका आली. तिला मुलं वाचनबाई म्हणू लागली. ही बारीक अंगाची, हळू बोलणारी बाई. सामानाच्या खोलीतले मोडके बाक बाहेर काढून तिथे तिने चटई घातली, भिंतीला पुस्तकं उभी केली आणि एका वेळी चार-चार मुलं घेऊन बसायला लागली. पहिल्याच महिन्यात तिने मावशीला निरोप धाडला. मावशी धुलाईघरातून तशीच, ओल्या बाह्यांनी गेली.  आता काय नवीन ऐकावं लागतंय!

वाचनबाईने बिट्टीची वही उघडली.

"हे बघा. फळ्यावरून उतरवून घेतलंय, एक चूक नाही. आणि हे मी तोंडी सांगितलेलं."

मावशीने पाहिलं. 'साखर'च्या जागी 'आखर'. 'सकाळ'च्या जागी 'अकाळ'. 'शाळा'ऐवजी 'आळा'.

"स आणि श तेवढे गळालेत," वाचनबाई म्हणाली. "बाकी सगळं जागच्या जागी आहे. मठ्ठ मुलगी अशी मोजून-मापून चुकत नाही हो. आणि मी बोलताना ती माझ्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघते. मला वाटतं तिला नीट ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही?" मावशी एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं थांबलं. "घरी माझं सगळं ऐकते की ती!"

वाचनबाई जरा घुटमळली. मग हसू दाबत म्हणाली, "मावशी, तुमचं तर आमच्या शिपायालाही फाटकापाशी ऐकू येत असेल."

मावशीच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. घरी शब्द बरोबर आणि शाळेत चूक. बिट्टी शेजारणीच्या हाकेला ओ देत नसे आणि ही तिला उर्मट म्हणून दटावत असे. पाच वर्षं! आपल्याच आवाजाने आपल्याला फसवलं. ती चटईवर बसून रडू लागली.

"माझ्या लक्षात कसं नाही आलं हो?"

"तुम्ही तिच्याशी बोलत राहिलात म्हणून तर ती इतकं बोलते," वाचनबाई म्हणाली. "नाहीतर अशी मुलं मुकी होऊन बसतात. रडू नका. पुढच्या सोमवारी गाडी येतेय."

सोमवारी गाडी आली. आत एक कान तपासणारा गडी होता, त्याने बिट्टीच्या डोक्यावर कान झाकणारे मोठाले गोल चढवले आणि सांगितलं, "टूं वाजलं की हात वर." बिट्टी शहाण्यासारखी बसली. काही वेळा हात वर गेला. मग बराच वेळ नाही गेला. मावशी दारात उभी राहून श्वास रोखून त्या हाताकडे बघत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, कर ना गं वर, कर ना. पण हात मांडीवरच राहिला. गड्याने कागदावर उतरती रेघ काढली. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. दोन्ही कानांना यंत्र लागेल.

यंत्राची किंमत ऐकून मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. वाचनबाईने एक अर्ज पुढे केला. "अनुदानातून मिळेल. उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि इथे सही."

मावशीने अर्ज घेतला नाही. मान ताठ झाली. "बाई, आजवर मी कुणापुढे हात पसरला नाही."

"हात कुठे पसरायचाय? सही करायचीय," वाचनबाई म्हणाली. "तीही माझ्या शाईने."

तरी मावशी अर्ज तसाच घेऊन कामावर गेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने तो धुलाईघराच्या मुकादमाला दाखवला. मुकादम म्हणजे फणसासारखा माणूस, वरून सगळे काटे. त्याने अर्ज वाचला, परत वाचला.

"यात तुझं नाव कुठे मागितलंय?" त्याने विचारलं.

"इथे, पालक म्हणून."

"म्हणजे खाली. वर पोरीचं आहे. मदत तिला आहे, तुला नाही. तुझा मान तू चाटत बस. पोरीचे कान कशाला अडवतेस?"

मावशीला मिरची झोंबली. पण खरं बोलणाऱ्याशी भांडता येत नाही. तिने चादरींच्या गठ्ठ्यावर अर्ज ठेवून तिथेच सही केली.

दीड महिन्यात यंत्रं आली. बदामाच्या बीएवढी दोन, कानामागे बसणारी. वाचनखोलीत त्या गड्याने ती बिट्टीच्या कानांवर चढवली, बारीकशी कळ फिरवली आणि विचारलं, "आता?"

बिट्टीने डोळे मोठे केले. ती इकडे बघू लागली, तिकडे बघू लागली. वर पंख्याकडे पाहिलं. मग स्वतःचा पाय चटईवर घासून पाहिला, परत घासला. "हे आवाज करतं!" ती म्हणाली. वाचनबाईने पुस्तकाचं पान उलटलं, त्याचाही आवाज झाला. बाहेर नळ ठिबकत होता, त्याचाही. बिट्टी हसायला लागली आणि थांबेचना.

मावशीला राहवलं नाही. तिने हाक मारली, "बिट्टे!"

बिट्टीने दोन्ही हात कानांवर ठेवले. "मावशी, ओरडतेस काय गं एवढी?"

खोलीतले सगळे हसले. मावशी हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसत राहिली. त्या दिवसापासून तिने हळू बोलण्याचा अभ्यास सुरू केला. तो काही सोपा नव्हता. घरी शिरताना दारातच एक मोठा श्वास घ्यायची आणि मग बोलायची.

वर्षाअखेर बिट्टी पुस्तकामागून पुस्तक संपवत होती. चौथीच्या निकालावर शेरा होता, "वाचनात वर्गात दुसरी." मावशीने तो शेरा मुकादमाला दाखवला, भाजीवालीला दाखवला, इस्पितळाच्या दारावरच्या रखवालदाराला दोनदा दाखवला. आणि मग तिला रुखरुख लागली. एवढं सगळं झालं, पण आपण कुणाचे आभार मानले?

वाचनबाई म्हणाली, "मी तर पगार घेते." मोठ्या बाई म्हणाल्या, "मी काय केलं? सरकारी अनुदान आहे."

"मग ते सरकार बसतं कुठे?"

मोठ्या बाईंनी थोडा विचार केला. "म्हणायला जिल्हा शिक्षण कार्यालयात."

झालं. मावशीने सुट्टीच्या दिवशी स्वच्छ साडी नेसली, बिट्टीची आधीची आणि आताची अशा दोन वह्या पिशवीत घातल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं? तिने घरी चार पांढरे रुमाल कांजी घालून, इस्त्री करून, कडेला कड लावून घडी करून घेतले. तिला जे येत होतं ते तिने केलं.

कार्यालयात खिडक्यांची रांग होती. पट्टेवाला स्टुलावर बसला होता.

"काय काम?"

"आभार मानायचेत."

"कुणाचे?"

"ज्यांनी दिलं त्यांचे."

पट्टेवाल्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अर्ज असेल तर दोन नंबर. दाखला हरवला असेल तर सात. तक्रार असेल तर चार."

"तक्रार नाही हो."

"मग इथे कशाला आलात?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

शेवटी चारवरच जा म्हणाला, कारण तिथली मुलगी स्वभावाने बरी होती. त्या मुलीने जाडजूड वही पुढे ओढली. "नाव झालं. आता तक्रारीचं स्वरूप?"

"तक्रार नाही. आभार."

"तसा रकाना नाही, मावशी. बरं, 'इतर' लिहिते. कुणाविरुद्ध?"

"विरुद्ध कशाला? बाजूने लिही ना!"

मुलीने लेखणी खाली ठेवली. तिने वह्या पाहिल्या, 'आखर' आणि 'अकाळ' वाचलं, मग नवी वही वाचली. तिने खिडकी लावली, बाहेर आली आणि मावशीला स्वतः जिन्याने वर घेऊन गेली.

वर टोकाच्या खोलीत फायलींच्या मधोमध एक वयस्क कारकून बसले होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. जबर पडसं झालेलं. एकवीस वर्षं ते गरीब मुलांच्या अनुदानाच्या फायली सांभाळत होते. मुलीने सांगितलं, "भाऊसाहेब, या बाई आभार मानायला आल्यात."

"कशाबद्दल?" त्यांनी संशयाने विचारलं.

मावशीने सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. मध्ये टेलिफोन वाजला, भाऊसाहेबांनी तो उचलून तसाच खाली ठेवला. सांगून झाल्यावर मावशीने रुमालांची घडी पुढे केली. ते दचकून मागे सरले.

"नको, नको. घेता येत नाही. लाच होते."

"अहो, नाक बघा तुमचं! शिंकणाऱ्या माणसाला रुमाल दिला तर लाच?"

"नियम आहे." ते ओशाळून हसले आणि त्यांना शिंक आली. "आणि मी काही दिलेलं नाही, बाई. पैसा लोकांचा आहे. सगळ्यांच्या करातून येतो. तुम्ही साबणाची वडी घेता, त्यातही कर असतो."

मावशीने हिशेब केला नाही, पण विचार केला. "म्हणजे थोडे आभार मी माझेच मानायचे?"

"थोडेच," भाऊसाहेब म्हणाले.

मग तिने पुढे ठेवलेली जुनी वही त्यांनी उघडली. 'शाळा'च्या जागी लिहिलेल्या 'आळा'वर बोट ठेवलं. "या फायलीत मुलांना नावं नसतात," ते म्हणाले. "क्रमांक असतात. लाभार्थी एक ते एकशेचौदा. तुमची मुलगी यांतलीच कुणीतरी असणार. एकवीस वर्षांत यातलं एकही मूल मी पाहिलेलं नाही."

पुढचं त्यांनी अडखळत सांगितलं. गुरुवारी अनुदान समितीची बैठक होती. तपासणीच्या गाडीवर काट मारायचा विचार चालला होता. कारण अहवालात 'तपासलेली मुले' एवढाच आकडा होता. त्याने फायदा काय झाला ते कुठेच दिसत नव्हतं. "तुम्ही याल? पाच मिनिटं. हेच सांगायचं."

 साहेबलोकांपुढे? पण मग गाडीच्या दारातून पाहिलेला बिट्टीचा तो मांडीवरचा हात आठवला. अजून किती मुलांचे हात तसे मांडीवरच असतील!

"येते," ती म्हणाली.

गुरुवारची पाळी मुकादमाने बदलून दिली. कुरकुरला भरपूर, पण पाळी भरायला माणूस मिळाला नाही तेव्हा स्वतःच बाह्या सारून रुळापाशी उभा राहिला, असं मावशीला नंतर कळलं.

लांबलचक टेबलाभोवती नऊ माणसं होती. मावशी उभी राहिली. नवीन सवयीने हळू, अगदी हळू बोलू लागली. अध्यक्षबाई पुढे वाकल्या. "जरा मोठ्याने बोलाल का? ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही ना?" मावशी म्हणाली. "बघा, कसं वाटतं ते. तुम्ही मला मोठ्याने बोला म्हणालात. चौथीतली पोर गुरुजींना असं म्हणू शकत नाही. तिला वाटतं सगळ्यांना एवढंच ऐकू येतं आणि आपल्यालाच कळत नाही. आम्हालाही तसंच वाटलं."

मग तिने धुलाईघराचा गळा लावला. पट्टेवाला दार उघडून आत डोकावला. तिने वह्या टेबलावरून फिरवल्या. एका सदस्याने विचारलं, "पण बाई, हे एका मुलीचं झालं. बाकीच्यांचं काय?"

"ते तुम्हीच शोधायचं," मावशी म्हणाली. "मला एकच मुलगी दिलीय. तुमच्याकडे बावीस शाळा आहेत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बैठकीत तसं करत नसतात. पण पंधरा दिवसांनी मोठ्या बाईंकडे पत्र आलं: गाडी राहणार. आधी महिन्याला यायची ती आता दोन महिन्यांनी येईल, पण बावीसच्या बावीस शाळांत जाईल; आणि यापुढे अहवालात मुलांच्या वह्यांची पानं जोडायची. वाचनबाईची नेमणूक फक्त आणखी एका वर्षापुरती वाढली होती. "पुढच्या वर्षी परत भांडू," मोठ्या बाई म्हणाल्या. मावशी म्हणाली, "हाक मारा. गळा आहेच."

भाऊसाहेब निवृत्त होणार होते, त्याच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी ते शाळेत आले. कुणी बोलावलं नव्हतं. डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते वाचनखोलीच्या दारात अवघडून उभे होते. वाचनबाईने त्यांना मुलांच्या छोट्या खुर्चीत बसवलं. गुडघे हनुवटीपर्यंत आले. मावशीला त्या दिवशी दुपारची पाळी होती, म्हणून ती बिट्टीला सोडायला आलेली तिथेच होती.

"बिट्टे, हे भाऊसाहेब. यांच्या फायलीत तू आहेस," तिने सांगितलं.

"फायलीत मी काय करते?" बिट्टीने विचारलं.

"तेच बघायला आलोय," भाऊसाहेब म्हणाले.

बिट्टीने भिंतीपाशी जाऊन बराच वेळ पुस्तकं चाळली. पाहुण्याला कोणतं आवडेल याचा तिने नीट विचार केलेला दिसला. शेवटी समुद्रावर दिवा सांभाळणाऱ्या माणसाची गोष्ट घेतली. ती मोठ्याने वाचू लागली, बोट न ठेवता, थांबायचं तिथे थांबत. अधूनमधून डोळे वर करून पाहुणा ऐकतोय ना, ते बघत होती. भाऊसाहेब ऐकत होते. हात गुडघ्यांवर, डोळे तिच्यावर. शाळेची घंटा झाली, बाहेर मुलांचा गलबला उठला, तरी दोघं जागचे हलले नाहीत.

"पुढे वाचू?" बिट्टीने विचारलं. "अजून खूप आहे."

"वाच ना," भाऊसाहेब म्हणाले. "मला घाई नाही."

मावशी हळूच उठली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि कामावर निघाली.